हीच की अशीच?

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)



कवितेची चार पुस्तकं नावावर असलेल्या माणसाने आज बंदुकीवर बोलायचं ठरवलंय, म्हणजे काहीतरी गडबड आहे, असं तुम्हाला वाटेल. मी आयुष्यात बंदूक चालवलेली नाही. जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक दोनदा हातात धरली आणि दोन्ही वेळा फुगे शाबूत राहिले, एवढाच माझा अनुभव. तरीही मध्यंतरी एक महिनाभर मी एका अमेरिकन बंदुकीच्या मागे लागलो होतो. त्याची ही हकीकत.

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात, एडिसन या गावी राहतो. तिथे आपल्याकडची माणसं पुष्कळ. एका रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "मामू, तुम्ही जुन्या पुस्तकांची सालं शोधून काढता ना? मला एका बंदुकीचं साल काढून द्या."

मला जुनी पुस्तकं जमवायचा नाद आहे. रद्दीच्या दुकानात अनेकदा पहिली दोन पानं फाटलेलं पुस्तक हाती येतं. साल नाही, आवृत्ती नाही. मग आपण किंमत बघतो. आण्यांत असेल तर बहुधा १९५७ च्या आधीचं, 'नये पैसे' असतील तर त्यानंतरच्या सहा-सात वर्षांतलं. छापखान्याच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ च्या नंतरचं. छापखाना एका पेठेतून दुसरीकडे कधी हलला हे ठाऊक असेल तर आणखी जवळ जाता येतं. भाच्याने लहानपणी माझ्याकडे सुट्टीत हे उद्योग पाहिलेले. त्याला वाटलं, पुस्तक काय नि बंदूक काय!

बंदूक त्याची नव्हती. त्याच्या शेजारी नव्वदीला टेकलेल्या एक आजी राहतात. त्यांचे यजमान कोरियाच्या युद्धात होते. ते वारल्यावर काही वर्षांनी आजींनी घर विकून मुलीकडे जायचं ठरवलं. माळा आवरताना घोंगडीत गुंडाळलेली एक आखूड बंदूक निघाली. यजमान म्हणायचे, "कोरियात माझ्याकडे हीच होती." आजींची इच्छा अशी, की ती नातवाला द्यावी, आणि सोबत एका कागदावर तिची हकीकत लिहून द्यावी. भाचा इंजिनीयर. म्हणून तो कागद लिहायचं काम त्याच्याकडे आलं.

"सोपं आहे मामू," तो म्हणाला. "नळीवर साल कोरलेलंय. अंडरवुड, आठ-त्रेचाळीस. ऑगस्ट १९४३. कोरियाचं युद्ध १९५० ते ५३. सगळं जुळतं."

मी म्हटलं, "बेटा, ते नळीचं साल झालं. बंदुकीचं कुठे आहे? आणि आधी एक कर, तिला हात लावू नकोस. फोटो पाठव."

आता ही बंदूक कुठली, ते सांगतो. आपल्याकडे कार्बाइन म्हटलं की पोलिसाच्या खांद्यावरची आखूड, पिस्तुलाची काडतुसं भराभर उडवणारी बंदूक डोळ्यांपुढे येते. ती वेगळी. मूळ अर्थाने कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, हलकी रायफल; पूर्वी ती घोडेस्वारासाठी असे. मी सांगतोय ती अमेरिकेची 'एम १ कार्बाइन'. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला असं शस्त्र हवं होतं, की जे ट्रकचा ड्रायव्हर, तोफेवरचा गडी, बिनतारी यंत्र सांभाळणारा जवान, अशांना पिस्तुलाऐवजी देता येईल. पिस्तुलाने लांबचा नेम लागत नाही आणि मोठी गॅरंड रायफल चार किलोंहून जड. विंचेस्टर कंपनीने केलेला नमुना १९४१ साली सैन्याने पसंत केला. वजन साधारण अडीच किलो, लांबी तीन फुटांच्या आत, पंधरा काडतुसांचं मॅगझिन.

युद्धाच्या घाईत एकट्या विंचेस्टरला एवढं काम झेपणारं नव्हतं. मग सरकारने ज्यांनी कधी बंदूक बनवली नव्हती त्यांनाही कामाला लावलं. जनरल मोटर्सचे दोन विभाग आले. टाइपरायटर बनवणारी अंडरवुड आली. हिशेबाची यंत्रं बनवणारी आयबीएम आली. हॉटेलात नाणं टाकून गाणं वाजवायचा जूकबॉक्स असतो ना, तो बनवणारी शिकागोची रॉक-ओला कंपनी आली. टपालाच्या शिक्क्यांची यंत्रं बनवणारी आली. १९४२ ते १९४५ या काळात सगळ्यांनी मिळून साठ लाखांहून अधिक कार्बाइन बनवल्या. ज्या कारखान्यातून अक्षरं उमटवणारी यंत्रं निघायची, तिथून बंदुकीच्या नळ्या निघू लागल्या. माझ्यासारख्याला हे वाचून क्षणभर थांबायला होतं.

या बंदुकीची खुबी अशी, की कुठल्याही कारखान्याचा भाग कुठल्याही कारखान्याच्या बंदुकीत बसला पाहिजे, ही सरकारची अटच होती. एकाकडे नळ्या कमी पडल्या तर दुसऱ्याकडून पाठवायच्या. अंडरवुडच्या नळ्या अशा कितीतरी ठिकाणी गेल्या. प्रत्येक लहानसहान भागावर कारखान्याची आद्याक्षरं ठोकलेली असत. म्हणजे नवी कोरी बंदूक कारखान्यातून बाहेर पडतानाच तिच्यात चार घरांचं पाणी असे.

पुढे आणखी गुंतागुंत झाली. युद्धाच्या शेवटी आणि नंतर लष्कराच्या शस्त्रागारांत या बंदुका दुरुस्तीला आल्या. शेकड्यांनी खोलल्या, भाग वेगवेगळ्या पेट्यांत टाकले, धुतले, तपासले आणि हाताला येईल तो भाग घेऊन पुन्हा जोडल्या. नेम धरायची मागची साधी पट्टी काढून मागेपुढे करता येणारी बसवली. चाप अडकवायचं बटण काढून फिरवायची कळ बसवली. नळीच्या टोकाशी संगीन लावायची सोय केली. त्यामुळे १९४३ साली जशी बाहेर पडली तशीच राहिलेली कार्बाइन आज दुर्मीळ. उलट एखादी अगदीच 'जशीच्या तशी' दिसू लागली, की जाणकार आधी संशय घेतात, की कुणी मुद्दाम जुने भाग जमवून ती सजवली तर नाही?

मग ओळख पटवायची कशावरून? बंदुकीचा एक लोखंडी गाभा असतो. त्याच्या पुढे नळी आवळलेली, मागे दस्ता, पोटात चापाची यंत्रणा. त्याला रिसीव्हर म्हणतात. कायद्याच्या आणि अभ्यासकांच्या दृष्टीने बंदूक म्हणजे रिसीव्हर. बाकी सगळं बदलता येतं. क्रमांक त्याच्यावर असतो, आणि नावही. लष्करी कार्बाइनच्या रिसीव्हरवर पुढे 'यू. एस. कार्बाइन' असं ठसठशीत लिहिलेलं असतं आणि मागे कारखान्याचं नाव नि क्रमांक. हे मागचं नाव नव्या मोठ्या पट्टीखाली बऱ्याचदा झाकलं जातं. आणि क्रमांकही सरळ चढत्या भाजणीने गेलेले नाहीत. सरकारने प्रत्येक कारखान्याला क्रमांकांचे गठ्ठे वाटून दिले होते. त्यामुळे मोठा क्रमांक म्हणजे नंतरची बंदूक, असं डोळे मिटून म्हणता येत नाही. कुठला गठ्ठा कुणाचा, हे आधी पाहावं लागतं.

हे सारं मी भाच्याला फोनवर समजावलं. त्याने रिसीव्हरचे फोटो पाठवले. मी भिंग घेऊन बसलो. 'यू. एस.' ही दोन अक्षरं नव्हती. होतं ते एका कंपनीचं नाव आणि खाली गावाचं. प्लेनफिल्ड मशीन कंपनी, डनेलन, न्यू जर्सी.

भाचा म्हणाला, "मामू, डनेलन तर इथून गाडीने जवळच आहे!"

सैन्याने ज्या कंपन्यांना ठेका दिला होता त्या यादीत प्लेनफिल्डचं नाव नाही. असणारच नाही. कारण ही कंपनी कार्बाइन बनवू लागली तेव्हा महायुद्ध संपून पंधरा वर्षं उलटली होती आणि कोरियाचं युद्धही जुनं झालं होतं.

इथे आपण मुख्य मुद्द्याशी येतो. युद्ध संपलं तेव्हा सुट्या भागांचे डोंगर शिल्लक होते. दस्ते, चाप, स्प्रिंगा, मॅगझिन, सगळं भंगाराच्या भावात विकलं गेलं. आणि परत आलेल्या लाखो जवानांना ती हलकी, सुटसुटीत बंदूक आवडलेली. पण लष्कराने ती घरी नेऊ दिली नव्हती. ज्याची त्याने जमा करायची. १९६३ साली सरकारने काही कार्बाइन राष्ट्रीय रायफल संघटनेच्या सभासदांना वीस डॉलरला एक अशा विकल्या, तेव्हा त्या हातोहात गेल्या. म्हणजे गिऱ्हाईक होतं, सुटे भाग होते, नव्हता तो फक्त रिसीव्हर. काही व्यापाऱ्यांनी हे हेरलं. त्यांनी रिसीव्हर नवे ओतले, बाकीचे भाग लष्करी साठ्यातले घेतले, आणि बाजारात आणली 'एम १ कार्बाइन'. फ्लोरिडातल्या हायलिया गावची युनिव्हर्सल, कॅलिफोर्नियातली नॅशनल ऑर्डनन्स, न्यू जर्सीची प्लेनफिल्ड, ही त्यांतली ठळक नावं. पश्चिम जर्मनीत डाखाऊच्या एर्मा कारखान्याने याच रूपाची पण बारक्या काडतुसाची बंदूक काढली. ही सगळी व्यापारी कार्बाइनची जात. सैन्याने या कधी घेतल्या नाहीत, तपासल्याही नाहीत.

यांची ओळख आणि वय ठरवण्याच्या काही खुणा आहेत. बंदुकीत रस नसला तरी त्यामागची रीत ऐकण्यासारखी आहे.

पहिली खूण धातूची. लष्करी रिसीव्हर पोलाद घडवून आणि मग कातून केलेला; त्याच्या कडा धारदार, रेषा नेमक्या. व्यापारी रिसीव्हर बहुतेक ओतीव. कडा किंचित गोलसर. वाण्याच्या वजनात आणि सोनाराच्या वजनात फरक असतो तसा हा फरक आहे. सरावलेल्या बोटाला तो कळतो.

दुसरी खूण भागांची. सुरुवातीच्या व्यापारी बंदुकांत लष्करी भाग भरपूर. साठा आटत गेला तसे कंपन्यांनी स्वतःचे भाग करायला घेतले. युनिव्हर्सलने तर पुढे आतली रचनाच बदलली. मूळ बंदुकीत मागेपुढे सरकणाऱ्या भागाला एक स्प्रिंग, यांनी दोन घातल्या. दोन स्प्रिंगा दिसल्या की समजावं, ही नंतरची, आणि हिला लष्करी भाग बसणार नाहीत. म्हणजे गंमत पाहा. व्यापारी बंदुकीत महायुद्धातले भाग जितके जास्त, तितकी ती जुनी. आणि नेमकी तीच पाहणाऱ्याला जास्त फसवते.

तिसरी खूण पत्त्याची. प्लेनफिल्डच्या आधीच्या बंदुकांवर डनेलन गाव आहे, नंतरच्यांवर लगतचं मिडलसेक्स. पुढे आयव्हर जॉन्सन या जुन्या बंदूक कंपनीच्या नावाने त्या निघू लागल्या, तेव्हा आधी मिडलसेक्स आणि १९८० च्या दशकात आर्कान्सा राज्यातलं जॅक्सनव्हिल. गाव वाचलं की काळ कळतो. माझ्या छापखान्यांच्या पत्त्यांसारखंच. सोबत खोका किंवा माहितीपत्रक सापडलं तर आणखी बरं. त्यावर अमेरिकेचा पाच आकडी झिप कोड असेल तर ते १९६३ च्या नंतरचं.

चौथी खूण कायद्याची. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या. त्याच वर्षी अमेरिकेत शस्त्रनियंत्रणाचा कायदा आला. प्रत्येक नव्या बंदुकीवर क्रमांक आणि बनवणाऱ्याचा नावपत्ता, बाहेरून आलेली असेल तर आयात करणाऱ्याचा, हे सक्तीचं झालं. त्याआधी कित्येक साध्या रायफली नि शॉटगन क्रमांकाविनाच विकल्या जात.

आणि पाचवी गोष्ट, जी खूण नव्हे, इशारा आहे. जर्मनीत सरकारी चाचणीघर प्रत्येक बंदूक तपासून शिक्का मारतं आणि त्यात सालाची सांकेतिक अक्षरं असतात. शून्याला ए, एकाला बी, अशी. तो शिक्का मात्र भरवशाचा. अमेरिकेत अशी सरकारी सोय नाही. म्हणून तिथले अभ्यासक वर्षानुवर्षं हाताखालून गेलेल्या बंदुकांचे क्रमांक, पत्ते, भाग यांच्या याद्या करतात आणि त्यांवरून अंदाज बांधतात. ही माणसं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतात, की बंदूक वाचा, बंदुकीची गोष्ट ऐकून ठरवू नका.

मला हे परकं वाटलं नाही. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच काळजीतून. हाताहातांतून फिरलेल्या पोथीत मूळ शब्द कुठला आणि मागाहून बसलेला कुठला, हे त्यांनी निवडलं. आमच्याकडे हदीसच्या विद्येत तर वचनाआधी त्याची साखळी विचारतात. हे तुला कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, तो माणूस कसा होता. वचन कितीही गोड असो, साखळीची कडी निखळली असेल तर ते बाजूला ठेवायचं. आजींच्या बंदुकीची साखळी कोरियाशी जुळत नव्हती. नळी १९४३ ची खरी. कारखान्यात बसवलेली असो की नंतर कुणी बदललेली असो, ती लष्करी साठ्यातली. पण बंदूक १९६० च्या दशकातली. घरापासून काही मैलांवर बनलेली.

मी भाच्याला म्हटलं, "कागदावर कोरिया लिहू नकोस."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "मामू, आजींना कसं सांगू? त्यांच्या दृष्टीने ती त्यांच्या नवऱ्याची आठवण आहे. मी सांगायचं की तुमचा नवरा खोटं बोलला?"

मी म्हटलं, राहू द्यावं का मग? चार ओळींचा कागद. नातू खूश, आजी खूश. कुणाचं काय बिघडतं?

बिघडत होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. भाच्याने न्यू जर्सीचा कायदा काढून वाचला. १९९० साली त्या राज्याने काही बंदुकांवर बंदी घातली. कायद्यात बंदुकांची नावं एकेक करून दिली आहेत. त्यात 'एम १ कार्बाइन' या प्रकाराचं नाव आहे. आणि पुढे, स्वतंत्रपणे, 'प्लेनफिल्ड मशीन कंपनीची कार्बाइन' असंही नाव आहे. ज्या राज्यात ती जन्मली त्याच राज्याच्या कायद्यात ती नावानिशी बंद! आधीपासून ज्यांच्याकडे होत्या त्यांना मुदत दिली होती. यजमानांनी तेव्हा काही केल्याचा कागद मात्र घरात सापडेना. म्हणजे नव्वदीची ती बाई, न कळत, माळ्यावर गुन्हा ठेवून राहत होती. आणि तोच गुन्हा ती प्रेमाने नातवाच्या हातात देणार होती. मला आधी वाटलं होतं की हा नुसता हौसेचा खेळ आहे. तो तसा उरला नाही.

ओळख पटवण्याला किती वजन असतं याचं अमेरिकेतलंच एक जुनं उदाहरण आहे. १९६३ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष केनेडींवर डॅलसमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. इमारतीत एक इटालियन कार्कानो रायफल सापडली. युद्धातली शिलकी. तशा असंख्य रायफली स्वस्तात विकल्या जात होत्या. पण तिच्यावर क्रमांक होता, सी २७६६. त्यावरून आयात करणारा, त्यावरून शिकागोचं टपालाने माल विकणारं दुकान, त्यावरून हिडेल या खोट्या नावाने आलेली मागणी, आणि तिथून ओस्वाल्ड. 'अशाच' असंख्य रायफलींतून 'हीच' ती वेगळी काढली, ती त्या पाच खुणांनी.

पण याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. ऑगस्ट १९७० मध्ये कॅलिफोर्नियात सॅन राफाएलच्या न्यायालयात जोनाथन जॅक्सन नावाचा सतरा वर्षांचा मुलगा शस्त्रं घेऊन शिरला. न्यायाधीशासकट चार जण मेले. त्या शस्त्रांत कार्बाइन होती आणि शस्त्रं अँजेला डेव्हिस या कृष्णवर्णीय प्राध्यापिकेच्या नावावर घेतलेली निघाली. नाव जुळलं, म्हणून त्यांना पकडलं. खून, अपहरण आणि कटाचे आरोप ठेवले. जून १९७२ मध्ये ज्युरीने त्यांना सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं. बंदूक कुणाच्या नावावर आहे हे क्रमांक सांगतो. मनात काय होतं हे तो सांगत नाही. माणसाचं नाव वाचून त्याचा निकाल लावायची घाई ज्यांना असते त्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. मी हे थोड्या अनुभवाने म्हणतो.

तर मग आजींना सांगायचं ठरलं. भाचा घाबरत गेला. त्याने आधी कायद्याचं सांगितलं, मग डनेलनचं. फोटोतली अक्षरं मोठी करून दाखवली. आजींनी चष्मा लावून ती वाचली. जरा वेळ बोलल्या नाहीत. मग हसल्या. म्हणाल्या, "डनेलन! त्या वर्षी आमची थोरली शाळेत जायला लागली होती. हा एकदा शनिवारी बाहेर गेला आणि लांबट खोकं घेऊन आला. मी ओरडले होते, शाळेची फी भरायचीय आणि हे काय आणलंस. तेव्हा तो म्हणाला, कोरियात माझ्याकडे हीच होती."

मुलगी शाळेत गेली ते साल आजींना पाठ होतं. साठीच्या दशकाचा मध्य. खुणांनी काढलेला काळ आणि आईच्या आठवणीतला काळ एकमेकांना येऊन भेटले.

मंडळी, यजमान खोटं बोलले होते का? आपण काय बोलतो ते आठवून पाहा. दुकानात एखादी साडी पाहून बाई म्हणते, "हीच साडी माझ्या आईकडे होती." ती साडी तिच्या आईच्या ट्रंकेतून दुकानात आलेली नसते. तिला म्हणायचं असतं 'अशीच'. पण मनाला 'अशीच' पुरत नाही, म्हणून तोंडातून 'हीच' निघतं. त्या माणसाने तरुणपणी बर्फात, परक्या देशात जी बंदूक उराशी धरली ती त्याला लष्कराकडे जमा करावी लागली. दहा-बारा वर्षांनी त्याने तिच्यासारखी विकत घेतली आणि 'हीच' म्हणाला. तो बोलला ते त्याच्यापुरतं खरं होतं. पुढे वर्षं गेली, खोकं गेलं, पावती गेली, आणि घरातल्या माणसांनी त्याच्या 'हीच'चा सरळ अर्थ घेतला. असंच होतं. दंतकथा बहुतेक वेळा कुणी रचत नाही. साखळीतली एक कडी निखळते आणि 'अशीच'ची 'हीच' होते.

जुन्या वस्तूची ओळख पटवणं म्हणजे ही निखळलेली कडी पुन्हा जोडणं. त्यात कुणाची फजिती करायची नसते. मला भीती होती की खरं सांगितलं तर आजींकडून काहीतरी हिरावलं जाईल. झालं उलटं. रणांगणावरून आलेली बंदूक ही गोष्ट अमेरिकेतल्या हजारो घरांत सांगितली जाते. पण फीच्या पैशांची चिंता असताना शनिवारी जवळच्या गावात बनलेली बंदूक घेऊन आलेला नवरा ही गोष्ट फक्त या आजींची होती आणि त्या ती विसरून गेल्या होत्या.

बंदुकीचं पुढे काय झालं, ते विचाराल. आजींनी वकील गाठला. न्यू जर्सीत अशी सोय आहे, की आपणहून आधी लेखी कळवून शस्त्र पोलिसांकडे जमा करता येतं. तसं कळवलं. एका सकाळी पोलीस आले, घोंगडीसकट घेऊन गेले. नातवाला बंदूक मिळाली नाही. भाच्याने लिहिलेला कागद मात्र मिळाला. तो चार ओळींचा न राहता दोन पानांचा झाला. सोबत बंदुकीचा खांद्याला अडकवायचा कापडी पट्टा, तेवढा आजींनी काढून ठेवला होता, आणि कोरियातला एक फोटो. फोटोत गुडघाभर बर्फात एक पोरसवदा जवान उभा आहे. त्याच्या खांद्यावर कार्बाइन आहे.

ती हीच नव्हे. त्या कागदाची पहिली ओळ तशीच आहे: 'आजोबांकडे कोरियात अशीच एक बंदूक होती.'